गळा एकाचा, पाटी दुसऱ्याची: रॉनी जेम्स डिओचं प्रकरण

आधी केस कोणाची ते सांगतो. रॉनी जेम्स डिओ, अमेरिकन रॉक गायक, जन्म १९४२ चा, २०१० ला गेला. एल्फ, रेनबो, ब्लॅक सब्बाथ, मग स्वतःच्याच नावाचा डिओ, आणि शेवटी हेवन अँड हेल, एवढ्या बँडांतून हा माणूस गायला. प्रत्येक ठिकाणी मालक वेगळा, कंपनी कधी वेगळी कधी तीच, भांडणं मात्र फिरून फिरून त्याच मुद्द्यांवर. मी कुडाळात छोटी रेकॉर्डिंगची खोली चालवतो, हंगामात दशावताराचं नि पर्यटन महोत्सवांचं साऊंड करतो, त्यामुळे मला या केसमध्ये हाय नोट्सपेक्षा कागदपत्रांत जास्त इंटरेस्ट आहे.

निमित्तही कागदाचंच झालं. वेंगुर्ल्याकडचा एक पोरगा आहे, नाव लिहीत नाही, गळा म्हणजे भन्नाट, आधी ज्या बँडमध्ये होता तो गोव्यात हॉटेलांतून कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गाणी, वाजवायचा, तो फुटला, मग चौघांनी मिळून दुसरा काढला, त्यात स्वतःची मालवणी आणि मराठी रॉक गाणी केली, माझ्याच खोलीत रेकॉर्ड केली, यूट्यूबवर बऱ्यापैकी चालली आणि एका म्युझिक कंपनीचं पंधरा पानांचं अ‍ॅग्रीमेंट आलं. झालं, दुसऱ्या दिवशी गिटारिस्ट म्हणतो बँडचं नाव माझं, मी सुचवलेलं. गायक म्हणाला, "मेल्या, नाव तुझा, मग आवाज कोणाचा?" ड्रमर म्हणाला, "आणि माझा काय, मी काय नुसतो बडवूक ठेवलंय?" मग पावसात कामं नसताना बसून आम्ही डिओचं पूर्ण करिअर कागदाच्या बाजूने काढलं. कारण नाव कोणाचं, गाणं कोणाचं आणि पैसे कोणाचे हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि बँडमधली निम्मी भांडणं ते तिन्ही एकच समजल्याने होतात असं माझं स्पष्ट मत आहे.

डिओचं मूळ आडनाव पाडावोना. इटालियन वंशाचं घर, न्यू यॉर्क राज्यातल्या कॉर्टलंड नावाच्या छोट्या गावात वाढला. लहानपणी ट्रम्पेट आणि फ्रेंच हॉर्न वाजवायचा, गाण्याचं रीतसर शिक्षण कधी नाही, दम सांभाळायची सवय त्या वाद्यांतून लागली असं तो सांगायचा. १९५७ ला शाळकरी पोरांचा बँड, त्यात हा आधी बास वाजवायचा, गायक नंतर झाला. बँडची नावं बदलत गेली, वेगास किंग्ज, रॉनी अँड द रम्बलर्स, रॉनी अँड द रेड कॅप्स, रॉनी डिओ अँड द प्रॉफेट्स, मग १९६७ ला इलेक्ट्रिक एल्व्हज, त्याचं एल्व्हज, त्याचं एल्फ. फेब्रुवारी १९६८ मध्ये गाडीला अपघात होऊन त्यांचा गिटारिस्ट निक पँटास गेला. बाकीचे सावरले आणि पुढे वाजवत राहिले.

एल्फचा पहिला अल्बम १९७२ चा, म्हणजे तेव्हा गडी तिशीला आलेला. डीप पर्पल या ब्रिटिश रॉक बँडचे रॉजर ग्लोव्हर आणि इयन पेस यांनी तो प्रोड्यूस केला आणि नंतर डीप पर्पलच्या शोंच्या आधी वाजवायची संधी यांना मिळत गेली. या अल्बमवर त्याने स्वतःचं नाव रोनाल्ड पाडावोना असं छापून घेतलं. स्टेजवरचं नाव कधीच डिओ झालेलं होतं, पण आईवडलांना घराण्याचं नाव एकदा तरी रेकॉर्डवर दिसावं म्हणून. त्यानंतर परत डिओ. मला हा माणूस इथे आवडला, कारण छापील नावाची किंमत त्याला पहिल्यापासून कळत होती.

आता रेनबो. १९७५ ला गिटारिस्ट रिची ब्लॅकमोर डीप पर्पलमधून बाहेर पडला आणि त्याने काय केलं तर एल्फचा गिटारिस्ट सोडून बाकी पूर्ण बँडच उचलला. पहिल्या अल्बमचं नावच रिची ब्लॅकमोर्स रेनबो. पाटीवर मालक आधी, कंपनी मागून. हे आपल्याकडे कोणाला समजावून सांगायला नको, दशावतारात तेच चालतं, वालावलकर, पार्सेकर, मोचेमाडकर अशी मंडळं मालकाच्या नावाने चालतात, नट एका हंगामाला इकडे नि दुसऱ्या हंगामाला तिकडे, नाईट, म्हणजे रात्रीचे पैसे, ठरलेली, आणि जत्रेत लोक मात्र विचारतात आज राजा कोण, स्त्रीपार्टी कोण. लोक नटासाठी येतात, करार कंपनीशी असतो. रेनबोत हेच झालं. पहिला अल्बम झाल्यावर, दौऱ्याला निघायच्या आधीच ब्लॅकमोरने एल्फवाले एकेक करून काढले, बास गेला, ड्रम गेले, कीबोर्ड गेला, राहिला एकटा डिओ. इतकी वर्षं ज्यांच्यासोबत व्हॅनमधून फिरला ते सगळे घरी आणि हा नवीन लोकांसोबत स्टेजवर. हा पण का नाही निघाला असं आमच्या ड्रमरने विचारलं, प्रश्न रास्त आहे. ज्यांना काढलं ते सगळे वाजवणारे होते, आणि वाजवणाऱ्याची बदली ब्लॅकमोरला करता येत होती. डिओ मात्र गाण्यांचे शब्द आणि चाली लिहीत होता, गाण्यांवर ब्लॅकमोर आणि डिओ अशी दोघांची नावं लागायची. ज्याचं नाव गाण्यावर त्याला हलवणं जड जातं.

१९७६ चा रायझिंग, त्यात कोझी पॉवेल ड्रमवर, जिमी बेन बासवर, टोनी केरी कीबोर्डवर, आणि एका गाण्यात चक्क म्युनिक फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा. अजून एक अल्बम १९७८ ला. मग ब्लॅकमोरला रेडिओवर वाजतील अशी सोपी गाणी पाहिजे झाली, डिओच्या राजे-जादूगार-किल्ले वगैरे शब्दांचा त्याला कंटाळा आला, आणि १९७९ उजाडेपर्यंत डिओ बाहेर. त्याच वर्षी नवीन गायक घेऊन रेनबोने ब्रिटनच्या टॉप टेनमध्ये सिंगल आणलं. म्हणजे धंद्याच्या हिशोबाने मालकाचं चुकलं असं म्हणता येत नाही, हे कबूल केलं पाहिजे, आमचा गायक मात्र ऐकून फुरंगटला.

ब्लॅक सब्बाथचा भाग जरा सावकाश घेतो, कारण तो माझ्या धंद्याचा आहे. १९७९ ला या ब्रिटिश बँडने आपला जुना गायक ऑझी ऑसबोर्नला काढलं, डिओ आला, हेवन अँड हेल हा अल्बम १९८० ला निघाला आणि ब्रिटनमध्ये नवव्या नंबरपर्यंत गेला. थकलेला बँड पुन्हा उभा राहिला. स्टेजवर ऑझी दोन बोटांची शांतीची खूण करायचा, तीच केली तर नक्कल वाटेल म्हणून डिओने त्याची इटालियन आजी दृष्ट लागू नये म्हणून करायची ती शिंगांची खूण, तर्जनी आणि करंगळी वर, सुरू केली. आज आपल्याकडे डीजेसमोर नाचणारी पोरंही तीच करतात. १९८१ ला मॉब रूल्स. आणि मग लाइव्ह अल्बमचं मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळे रेकॉर्ड केलेले आवाज कमीजास्त करून एकत्र जुळवणं.

लाइव्ह ईव्हिलचं मिक्सिंग १९८२ ला चाललेलं. गिटारवाला टोनी आयोमी आणि बासवाला गीझर बटलर यांचा आरोप असा की डिओ आणि ड्रमर विनी अपीस हे दोघं आपल्या माघारी स्टुडिओत येऊन गळा आणि ड्रम वाढवून जातात. डिओने हे कधी मान्य केलं नाही. अल्बमवरचे स्वतःचे फोटो कसे छापले यावरूनही तो नाराज होता. खरं काय ते त्या खोलीतल्यांना माहीत, पण मिक्सिंगला बसलेला माणूस म्हणून सांगतो, प्रत्येकाला आपलंच वाद्य कमी ऐकू येतं. दशावतारात पखवाजवाला खूण करतो वाढव, पेटीवाले बुवा मान वर करून बघतात वाढव, आतून राजपार्टी सांगून पाठवते माइक वाढव, आणि सगळ्यांचं ऐकलं तर सीटी वाजायला लागते. त्यामुळे चौघांचा बँड फेडरवरून, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या दांडीवरून, फुटला ही गोष्ट मला पूर्ण पटत नाही. फेडर निमित्त असणार. नवीन गायकामुळे बँड परत चालायला लागला, पण सब्बाथ हे नाव जुन्यांचं, ही चिडचिड आत कुठेतरी होतीच की. १९८२ संपता संपता डिओ बाहेर, आणि अपीस त्याच्यासोबत.

इथून पुढे केस उलटी होते.

डिओने स्वतःचा बँड काढला आणि त्याचं नाव ठेवलं डिओ. आता पाटीवरून याला कोणी उतरवू शकत नव्हतं. अमेरिकेत सब्बाथचे अल्बम ज्या वॉर्नर ब्रदर्सकडून यायचे त्यांनीच याचेही काढले. कंपनीने गळ्यावर पैसे लावले, बँडच्या नावावर नाही. ड्रमवर अपीस, बासवर रेनबोतला जिमी बेन, आणि गिटारवर बेलफास्टचा विवियन कॅम्पबेल, विशीचा पोरगा. होली डायव्हर मे १९८३ ला आला, प्रोड्यूसर स्वतः डिओ, आणि अमेरिकेत पुढे तो प्लॅटिनम झाला, म्हणजे दहा लाखांच्या विक्रीचा. १९८४ ला द लास्ट इन लाइन, १९८५ ला सेक्रेड हार्ट. बायको वेंडी मॅनेजर. म्हणजे नाव, आवाज, स्टुडिओतला शब्द आणि हिशोबाची वही, सगळं एका घरात.

कॅम्पबेल १९८६ ला बाहेर पडला, भांडून. त्याचं म्हणणं, सुरुवातीला असं ठरलेलं की पगार कमी घ्या, तिसऱ्या अल्बमपर्यंत तुम्हाला हिस्सा मिळेल, आणि तिसरा अल्बम आला तरी हिस्सा काही आला नाही. दुसऱ्या बाजूला हे मान्य नव्हतं. लेखी काय होतं ते बाहेरच्याला दिसत नाही, पण एक गोष्ट रेकॉर्डवरच छापलेली आहे. होली डायव्हरच्या काही गाण्यांवर चौघांची नावं आहेत, काहींवर एकट्या डिओची. म्हणजे गाण्यातला वाटा काही प्रमाणात होता, भांडण बँडच्या कमाईतल्या वाट्याचं होतं. शोचे पैसे, टीशर्टचे पैसे, कंपनीने दिलेला अ‍ॅडव्हान्स, यातलं काहीच गाण्यावर नाव आहे म्हणून आपोआप मिळत नाही. ब्लॅकमोरच्या हाताखाली एल्फच्या पोरांचं जे झालं ते बघितलेला माणूस स्वतः मालक झाल्यावर त्याच्याच गिटारिस्टने ही तक्रार करावी, यावर आमच्यात बराच वेळ चर्चा चालली. गायकाला डिओचं पटत होतं, बाकी तिघांना कॅम्पबेलचं. साहजिक आहे.

मजा अशी की १९८५ ला याच दोघांच्या, कॅम्पबेल आणि बेनच्या, डोक्यातून आफ्रिकेतल्या दुष्काळासाठी हेवी मेटलवाल्यांनी मिळून गाणं करायची कल्पना निघाली, डिओने ती उचलली, चाळीस कलाकार जमले, हिअर एन एड नावाने. गाणं रेकॉर्ड झालं मे १९८५ मध्ये आणि बाजारात आलं १९८६ ला, कारण प्रत्येक जण वेगवेगळ्या कंपनीला बांधलेला आणि परवानग्यांत महिने गेले. पुण्यकर्मालासुद्धा करार आडवा येतो. ब्रूस डिकिन्सन या गायकाचं पण असंच, सॅमसन बँड सोडून तो आयर्न मेडन बँडमध्ये गेला, पण जुन्या करारामुळे १९८२ च्या द नंबर ऑफ द बीस्टमध्ये गाणी लिहिल्याचं श्रेय त्याला घेता आलं नाही. हे मी मुद्दाम सांगितलं कारण आमच्या पोराच्या पंधरा पानांत हेच एक कलम होतं, ते पुढे येतंय.

नंतरची वर्षं भराभर सांगतो. डिओ बँडमध्ये माणसं बदलत राहिली, १९९० च्या अल्बमला अठरा वर्षांचा गिटारिस्ट होता. १९९२ ला सब्बाथमध्ये परत, डीह्यूमनायझर केला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात कोस्टा मेसाला ऑझीच्या निरोपाच्या शोआधी सब्बाथने वाजवावं असं ठरलं, तर डिओ म्हणाला मी नाही, आणि निघून गेला. ते दोन शो रॉब हॅल्फर्ड या दुसऱ्या मेटल गायकाने गाऊन निभावले. परत स्वतःचा बँड. १९९३ नंतर मात्र मोठी कंपनी सुटली, मग मेहेम, स्पिटफायर, सँक्चुअरी अशा छोट्या कंपन्या. गळा तोच होता, ९० च्या दशकात ऐकणारे कमी झाले. तरी बँड बंद पडला नाही, कारण नाव त्याचं असल्याने कोणाची परवानगी लागत नव्हती. मला विचाराल तर त्या पाटीची खरी किंमत होली डायव्हरच्या वेळी नाही, या पडत्या दहा वर्षांत वसूल झाली.

आणि मग २००६. ब्लॅक सब्बाथच्या डिओ असतानाच्या गाण्यांचा संग्रह निघणार होता, त्यासाठी चौघं जमले, तीन नवीन गाणी केली, जमलं म्हणून दौऱ्यावर निघाले. आयोमी, बटलर, डिओ, अपीस, म्हणजे लाइव्ह ईव्हिलवरचीच चौकडी. पण बाहेर नाव लावलं हेवन अँड हेल, ऑझीवाल्या सब्बाथशी घोळ नको म्हणून. आपल्याच जुन्या अल्बमचं नाव घेऊन नवीन बँड! २००९ चा त्यांचा द डेव्हिल यू नो अमेरिकेत आठव्या नंबरवर गेला, सब्बाथ हा शब्द पाटीवर नसताना. त्याच वर्षी मे महिन्यात ऑझीने आयोमीवर न्यू यॉर्कच्या कोर्टात सब्बाथ या नावाच्या मालकीवरून दावा लावला, अर्धा वाटा मागितला, पुढच्या वर्षी तडजोड झाली. डिओ १६ मे २०१० ला पोटाच्या कॅन्सरने गेला आणि तो बँड तिथेच थांबला.

अजून एक. २०१२ ला कॅम्पबेल, बेन आणि अपीस परत एकत्र आले. डिओ नाव लावता येणार नव्हतं, तर बँडला नाव दिलं लास्ट इन लाइन. ज्या अल्बमवर तिघं वाजवले होते त्याचंच.

हे ऐकल्यावर आमचा गिटारिस्ट जरा शांत झाला. मग पंधरा पानं उघडली.

पहिलीच गोष्ट, कंपनीला गाण्याचे सगळे हक्क कायमचे, जगभर, आज आहेत आणि पुढे येतील त्या सगळ्या माध्यमांत पाहिजे होते. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्याच्या कलम १९ मध्ये हक्क द्यायचे तर लेखी आणि सही करून द्यावे लागतात, मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणूनच कंपन्या कायमचे आणि जगभर हे शब्द न विसरता टाकतात. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला त्याचा वाटा सहीने सोडून देता येत नाही, कागदावर लिहून घेतलं तरी. आमच्यात शब्द लिहितो गायक, चाल गायक आणि गिटारिस्ट मिळून, म्हणजे हा वाटा या दोघांचा. ड्रमरचं तोंड पडलं, पण वाजवणारा म्हणून त्याला परफॉर्मरचे हक्क आहेतच, ते पन्नास वर्षं चालतात, आणि ते कायद्यात वेगळे मोजतात.

रेकॉर्डिंगचा मालक कोण, यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. कायद्यात तो प्रोड्यूसर, म्हणजे ज्याने पुढाकार घेऊन, जबाबदारी घेऊन रेकॉर्डिंग केलं तो. माझ्या खोलीचं भाडं पोरांनी वर्गणी काढून दिलेलं, बिल बँडच्या नावाचं आहे, म्हणजे रेकॉर्डिंग चौघांचं. माझं नाही, कंपनीचं तर नाहीच. मग ते विकायचं कशाला, काही वर्षांसाठी वापरायला द्या, असं आमच्या ओळखीच्या सावंतवाडीच्या वकिलीणबाईंनी सांगितलं आणि तसं लिहून पाठवलं.

आणि ते कलम. बँडमधून कोणी बाहेर पडला तरी त्याच्या पुढच्या रेकॉर्डिंगवर कंपनीचा पहिला हक्क. हे कंपन्यांच्या करारात सर्रास असतं, त्यांचं गणित सरळ आहे, बँड फुटला तर गळा हातातून जाऊ नये. गायकाला आधी त्यात आपलं कौतुकच वाटलं. वकिलीणबाई म्हणाल्या, बाबा, उद्या तू दशावतारात उभा राहून एखादं पद गायलास आणि कोणी ते रेकॉर्ड करून विकलं तरी यांना विचारावं लागेल. मग त्याचा चेहरा बदलला. कारण हा पोरगा शिमग्यात आणि जत्रांत अजून गातो, ते त्याच्या घरातलं आहे.

कंपनीने रेकॉर्डिंग भाड्याने घ्यायला होकार दिला, मुदत पाच वर्षं. बाहेर पडणाऱ्याचं कलम फक्त रॉक गाण्यांपुरतं आणि एक वर्षाचं केलं. अ‍ॅडव्हान्स मात्र अर्ध्यावर आणला, तेही बरोबरच म्हणायचं, कमी माल घेतला तर कमी पैसे देणार.

नावाचं आपसात ठरवलं ते असं. ट्रेडमार्कचा अर्ज चौघांच्या नावाने, करमणूक ज्यात येते त्या ४१ नंबरच्या वर्गात. कोणी एकटा बाहेर पडला तर नाव उरलेल्यांकडे राहणार, पण त्याने लिहिलेली गाणी तो बाहेर गाऊ शकणार. दोघं दोघं असे फुटले तर नाव कोणीच वापरायचं नाही. हे शेवटचं गिटारिस्टनेच घालायला लावलं. शोचे पैसे चार समान, गाडी आणि साऊंडचा खर्च आधी काढून, हे लिहिताना साऊंडचा खर्च म्हणजे माझा, त्यामुळे त्या ओळीवर मी स्वतः लक्ष ठेवलं. दोन पानांचा कागद झाला, स्टॅम्पपेपरवर, मराठीत. तिघांच्या सह्या झाल्यात, ड्रमर मुंबईला नोकरीला आहे, तो चतुर्थीला येईल तेव्हा त्याची घेणार.